कापडावरचं रान, टेकडीवरचं रान

मित्रांनो, माझ्या अंगावर एक घनदाट जंगल आहे. खरं नव्हे, रंगवलेलं. मी मांजरपाट कापडाचा एक जुना तक्ता. गोरेगाव नावाच्या लहान गावाहून जीप जिथं सोडते, तिथून दोन कोस आत एक लहान शाळा आहे. तिथं माझं आयुष्य गेलं.

१९९५ साली करुणाबाईंनी मला रंगवलं. त्या वसमतच्या, शाळेवर नव्यानं आलेल्या. शिकत असताना त्यांनी सह्याद्रीतलं पर्जन्यवन पाहिलं होतं. भर दुपारी तिथं दाटलेला अंधार त्या कधी विसरल्या नाहीत. त्यांनी माझ्यावर सगळ्यात वर उंच झाडांचे शेंडे काढले. त्याखाली फांद्यांचं दाट छत, मग वेली, झुडपं आणि तळाशी कुजक्या पानांचा थर. एका फांदीवर धनेश पक्षी बसवला, चोचीत लाल फळ दिलं.

"हा फळ खातो आणि बी लांब नेऊन टाकतो. तिथं नवं झाड उगवतं," बाई सांगायच्या. "पानं कुजतात, तेच झाडांचं अन्न. अशा रानात मातीचा थर पातळ असतो. जंगल तोडलं, की पाऊस तोही धुऊन नेतो."

एकदा संध्या नावाच्या मुलीनं विचारलं, "बाई, आपल्याकडं असं रान काहून न्हाई?"

"आपल्याकडं तेवढा पाऊस नाही गं. पण आपल्या टेकडीवर रान आहेच की. चल, दाखवते."

त्या दिवशी मला गुंडाळून टेकडीवर नेलं. झऱ्याकाठी दगडांवर पसरलं. मुलं माझ्याकडे बघत आणि मग रानाकडे. साग, मोह, पळस. पानं उचलली तर खाली ओल आणि गांडुळं. तेवढ्यात एक राखी धनेश उंबरावर येऊन बसला. मुलं श्वास रोखून बघत राहिली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा दिवस.

पण शाळेला एकच खोली होती. दोन वर्ग लिंबाखाली बसत. १९९८ साली सरपंच व्यंकटरावांनी शाळेसमोर गाव जमवलं.

"टेकडीवरचा साग विकला, तं दोन खोल्या व्हतात," ते म्हणाले. "लेकरं पावसात भिजून राहिली. मला बघवत न्हाई."

माणूस मनाचा वाईट नव्हता. म्हणूनच बाईंना बोलणं जड गेलं. त्यांनी मला भिंतीवरून काढलं आणि सगळ्यांसमोर उघडून धरलं. त्यांचे हात थरथरत होते, ते मला कळत होतं.

"खोल्या मलाही हव्या आहेत, सरपंच. पण झाडं गेली तर झरा जाईल."

"बाई, ते चित्रातलं रान. आपलं येगळं," व्यंकटराव म्हणाले.

तेव्हा तांड्यावरच्या चंदाबाई उठल्या. "आमी त्याच झऱ्याचं पानी पितो. तो आटला तं कुटं जावं? सांगा."

बरीच वादावादी झाली. शेवटी अर्धं रान तोडायचं ठरलं, वरच्या अंगाचं. झऱ्याजवळचं ठेवायचं.

खोल्या झाल्या. मला नव्या खोलीत टांगलं. माझ्या डोक्यावरच्या तुळया त्याच टेकडीवरच्या सागाच्या होत्या. चौथ्या पावसाळ्यापर्यंत वरच्या अंगाची माती नाल्यात वाहून गेली, उघडे खडक राहिले. होळीपर्यंत वाहणारा झरा संक्रांतीलाच थांबू लागला. चंदाबाई कोसभर लांबून हंडे आणू लागल्या. मग गावानं उरलेल्या रानात कुऱ्हाडबंदी केली.

पुढे बाईंची बदली शिरड शहापूरला झाली. मला कपाटावर टाकलं. छत गळून माझे रंग उतरले, धनेशची चोच पुसली गेली.

२००७ च्या उन्हाळ्यात बाई तिथून भेटायला आल्या. थकलेले व्यंकटराव शाळेत आले.

"बाई, तुमी बराबर व्हत्या," ते म्हणाले. "वरच्या अंगाला दोनदा रोपं लावली. माती न्हाई, जगून न्हाई राहिली. किती सालं लागतील?"

बाईंनी खिडकीतून टेकडीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आपल्या दोघांना ते बघायला मिळणार नाही."



बाई दोन दिवस राहिल्या. त्यांनी रंग कालवले आणि मला पुन्हा हिरवं केलं.

मित्रांनो, रंगवलेलं जंगल दोन दिवसांत परत येतं. खरं येत नाही. सह्याद्रीतलं असो की तुमच्या गावामागचं, ते उभं आहे तोवरच त्याच्या बाजूनं बोला. बोलताना हात थरथरले तरी चालतील.