चार फेऱ्यांचं गुपित

मी पाणीखात्याची चावी बोलते आहे. चावी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर किल्ल्यांच्या जुडग्यातलं जे चिमुकलं पितळी प्रकरण येतं, ते कृपया विसरा. मी साडेचार फूट उंच आहे, लोखंडी आहे आणि माझं वजन नऊ किलो आहे. वर आडवी मूठ, खाली चौकोनी खाच. रस्त्यातलं लहान झाकण उचलायचं, आतल्या व्हॉल्व्हच्या टोकावर मला बसवायचं आणि दोन्ही हातांनी फिरवायचं. रोज संध्याकाळी पाच वाजता मी बेचाळीस फेरे घेते, तेव्हा लालबागच्या एका गल्लीतल्या सतरा चाळींना पाणी येतं. ही बढाई नव्हे, आकडे आहेत.

माझा जन्म परळच्या एका लोहारखान्यात झाला. पहिला हात लागला तो सीतारामचा. सीताराम कोकणातून आलेला, अबोल आणि फार शिस्तीचा. तो मला कधी फरफटत नेत नसे, खांद्यावर घेत असे. खंडेनवमीला झेंडूची माळ घालून मला खात्याच्या चौकीतल्या टेबलावर आडवी ठेवत असे. निवृत्त होताना त्याने मला गुणाजीच्या हाती दिलं आणि फेऱ्यांचे सगळे आकडे त्याच्या कानात सांगितले. कागदावर एकही नाही. खात्यातल्या नोंदवहीत रोज एकच वाक्य पडायचं : ‘पाणीपुरवठा नेहमीप्रमाणे.’

माणसांचं मला हेच नवल वाटतं. जे सर्वांत महत्त्वाचं, ते ती लिहून ठेवत नाहीत.

गुणाजीने मला बावीस वर्षं फिरवलं. गल्लीत त्याला सगळे ‘चावीवाले मामा’ म्हणत. फक्त शेवटच्या चाळीतली कमल त्याला नावाने हाक मारी, कारण दोघांचं कोकणातलं गाव एक.

“काय रे गुणाजी, काल पाच मिन्टां आधी बंद केलंस?”

“घड्याळ तुझं पुढे आहे गो.”

“घड्याळ पुढे असांदे. हंडो मागे ऱ्हवलो त्याचा काय?”

दोन वर्षांपूर्वी चौकीत संघमित्रा मॅडम आल्या. दुय्यम अभियंता. गल्लीतली गंजून बारीक झालेली जुनी जलवाहिनी काढून नवी टाकायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि त्यासोबत चौकीतली अकरा माणसंही. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “हा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला किती फेरे?”

“हाताला कळतं, मॅडम.”

“तुमच्या हाताला कळतं ते मला कागदावर हवंय. तुम्ही पुढच्या वर्षी निवृत्त होताय. हात घरी घेऊन जाल.”

चौकीत हशा पिकला. गुणाजी मात्र हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून मॅडम खडू आणि वही घेऊन आमच्या मागे फिरू लागल्या. प्रत्येक झाकणापाशी उभं राहून त्या फेरे मोजत. एखादा चुकलासा वाटला, तर पुन्हा पहिल्यापासून. “शाळामास्तरीण आली,” असं गुणाजी कुजबुजला. मला त्या आवडल्या. आयुष्यभर ज्याची कोणी नोंद घेतली नाही, त्या माझ्या श्रमाची कोणीतरी मोजदाद करत होतं.

महिनाभरात गल्लीचे सगळे व्हॉल्व्ह वहीत आले. सगळे, एक सोडून.

शेवटच्या चाळीच्या पायरीलगत एक फरशी आहे. तिच्याखाली एक लहान व्हॉल्व्ह आहे, आणि त्यातून शेजारच्या गल्लीच्या जलवाहिनीला एक बारीक जोड दिलेला आहे. तो कोणत्याही नकाशात नाही. सीतारामच्या वेळेपासून मी तो चार फेरे उघडा ठेवत आले. संध्याकाळचं पाणी शेवटच्या चाळीपर्यंत पोचेपोचेतो त्यातला जोर संपे. पण शेजारच्या गल्लीची पाण्याची वेळ दुपारी बाराची, त्यामुळे या जोडातून कमलच्या चाळीला थोडं पाणी मिळे. ते नियमात बसत नव्हतं. मॅडमना कळलं तर त्या जोड बंद करतील, या भीतीने गुणाजी त्या फरशीवरून पुढे निघून गेला. मीही त्याच्या खांद्यावर गप्प होते. चावीला वाचा नसते, ही सबब मला त्या दिवशी फार सोयीची वाटली.

नव्या जलवाहिनीचा शेवटचा सांधा जोडायचा दिवस ठरला. प्रत्येक चाळीच्या दारावर मॅडमच्या सहीचा कागद लागला : ‘आज संध्याकाळी पाच वाजता नव्या जलवाहिनीतून पाणी सुरू होईल.’ साहेब लोक सहसा ‘शक्य तितक्या लवकर’ असं लिहितात. मॅडमनी वेळ लिहिली होती. म्हणजे शब्द दिला होता.

कमलच्या चाळीसमोर खड्डा खणला गेला. सकाळी जुना पाइप कापला. पावणेबाराला सांधा बसवायची तयारी झाली. बारा वाजून गेले आणि खड्ड्यात पाणी चढू लागलं.

कंत्राटदाराचा सुपरवायझर हेरंब ओरडला, “मॅडम, तुमचा व्हॉल्व्ह गळतोय!”

“पंप?”

“चालूय. पण पाइपातून येतंच राहिलंय. ओल्यात सांधा बसणार नाही. उद्यावर टाका.”

मॅडम मला घेऊन गल्लीच्या तोंडाशी गेल्या. मुख्य व्हॉल्व्हवर मला उभं केलं आणि माझ्या मुठीला कान लावला. वाहतं पाणी माझ्या अंगातून ऐकू येतं. जुने चावीवाले असंच ऐकतात. त्यांनी हे गुणाजीकडूनच शिकून घेतलं होतं. मी शांत होते. तिथून थेंबही जात नव्हता.

त्या परत आल्या, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “बारापर्यंत खड्डा कोरडा होता. बाराला शेजारच्या गल्लीचं पाणी सुरू होतं. गुणाजी, मी काय मोजायचं विसरले?”

गुणाजीने वर पाहिलं. कमल गॅलरीत उभी होती. तो बोलला तर तिचं दुपारचं पाणी जाणार. गप्प राहिला तर सतरा चाळी कोरड्या राहणार.

“तुम्ही नाही विसरलात, मॅडम,” तो म्हणाला. “मी लपवलं.” आणि त्याने फरशी उचलली.

चार फेरे. मी ते इतक्या जड अंगाने कधीच घेतले नव्हते. पाणी थांबलं. पंपाने खड्डा उपसला आणि हेरंबची माणसं आत उतरली.

“मेमो देणार, मॅडम?” गुणाजीने विचारलं.

“देणारच. असे जोड अजून किती आहेत?”

“तीन. दुसऱ्या गल्ल्यांत.”

“मला पाच वाटले होते.”

वरून कमल म्हणाली, “बाई, त्याका कित्याक बोलतास? पाणी आमी पितव.”

मॅडमनी मान वर केली. “मावशी, मी नायगावात तिसऱ्या मजल्यावर हंडे चढवलेत. तुमचं पाणी बंद करायला आले नाही. आज पाचला तुमच्या नळाशी येते. तीन दिवस दाब मोजीन. कमी पडला तर हा जोड मी नकाशावर आणीन आणि माझ्या सहीने उघडा ठेवीन. पुरला, तर कायमचा बंद. न मोजता दोन्हीतलं काहीच नाही.”

पाचला दहा मिनिटं असताना सांधा पुरा झाला. गुणाजीने मला मुख्य व्हॉल्व्हवर चढवलं. मॅडम कमलच्या नळापाशी उभ्या राहिल्या. बेचाळिसावा फेरा पुरा झाल्यावर गल्लीच्या त्या टोकाकडून कमलचा आवाज आला, “इला! गुणाजी, इला रे! बादली उडवता मेलां!”

तीन दिवस दाब मोजला गेला. तिन्ही दिवस पुरला.

गुणाजी आता निवृत्त झाला आहे. मी अजून कामावर आहे; नवी चावीवाली रुपाली मला फिरवते आणि फेरे मोठ्याने मोजते. तेव्हा रस्त्यात कोणी झाकणापाशी वाकून आकडे पुटपुटताना दिसलं, तर वाचकहो, कृपा करून हॉर्न वाजवू नका आणि पत्ताही विचारू नका.

खात्याच्या वहीत आता एक पान आहे. मॅडमनी ते गुणाजीकडूनच लिहून घेतलं. अक्षर वाकडं आहे, पण नोंद पुरी आहे : ‘लहान व्हॉल्व्ह, शेवटची चाळ. सुरू केला : सीताराम. कारण : पाणी पोचत नव्हतं. बंद केला : गुणाजी. कारण : पोचतं.’