पेटीत बसेल एवढी मूठ

काकू त्या पिस्तुलांना सवती म्हणायच्या. सगळ्या परदेशी, सगळ्या देखण्या, आणि सगळ्यांचा नखरा सांभाळायला घरात गडी एकच. झोपायच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात त्या मखमलीवर आडव्या पडलेल्या असत. दर रविवारी काका त्यांना बाहेर काढून तेलपाणी करत.

"माझ्या गुडघ्यांना कधी एवढ्या प्रेमानं तेल लावलंत का हो?"

"तुझे गुडघे इथलेच गं," काका म्हणत. "उद्या काही झालं तर बदलून मिळतील. हिचा एक स्क्रू हरवला तर समुद्रापलीकडून मागवावा लागतो."

कुणाला मारण्याबिरण्यासाठी ती पिस्तुलं नव्हती. कागदावरच्या काळ्या वर्तुळावर नेम धरायची, स्पर्धेतली पिस्तुलं होती ती. काका कवळ्या करणारे. पुढच्या खोलीत प्लास्टर, मेण आणि गुलाबी हिरड्या मांडून त्यांचा दिवस जाई, आणि तिथून उठले की क्लबाच्या रेंजवर. बक्षिसं म्हणावीत अशी कधी मिळाली नाहीत, पण वेड मात्र लागलं ते लागलंच.

त्यातही त्यांचा जीव नळीपेक्षा मुठीत जास्त. स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ म्हणजे नुसता दांडा नव्हे. ज्याचं पिस्तूल, त्याच्या हाताबरहुकूम अक्रोडाच्या लाकडात ती कोरलेली असते. बोटांना खाचा, अंगठ्याला कठडा, तळहाताला खालून टेकू. अशी वापरलेली पिस्तुलं विकत आली की सोबत कुणा अनोळखी माणसाचा हातच घरी येई. काका त्या मुठीत आपला हात घालून डोळे मिटून बसत. "याची करंगळी आखूड होती. हा माणूस घामट असणार, बघ लाकूड कसं काळं पडलंय. आणि ही मात्र बाई असावी."

"चहा गार झाला," काकू म्हणत. "सोडा आता परक्या बाईचा हात."

एक मूठ मात्र काकांची स्वतःची होती. स्वतःच्या हाताचा प्लास्टरचा ठसा घेऊन, कवळीच्याच हत्यारांनी त्यांनी ती कोरली होती. वर्षभर वापरायचं पिस्तूल तेच. ते हातात घेतलं की हात कुठं संपला आणि लाकूड कुठं सुरू झालं ते त्यांनाही सांगता येत नसे.

ती मूठ सैल झाली, तिथून हे सगळं सुरू झालं.

"लाकूड सुकलं," काका म्हणाले. लाकूडवाल्याला फोन करून दोन शब्द सुनावलेसुद्धा. मग नेमबाज अशा वेळी करतात तेच त्यांनी केलं. मुठीला लाकडाची पुट्टी थापली, हाताला पातळ प्लास्टिक गुंडाळलं, आणि पुट्टी सुकेपर्यंत मूठ धरून बसले. नंतर कानस मारून, पॉलिश पेपरनं घासून ठाकठीक केली. काही आठवडे बरे गेले. मग पुन्हा अंगठ्याच्या मुळाशी पोकळी लागायला लागली. पुन्हा पुट्टी. लाकूडवाल्याला पुन्हा फोन. तो बिचारा शेवटी म्हणाला, "साहेब, अहो, एवढं तर माझं वजनसुद्धा कमी होत नाही."

तोवर पुट्टी कालवायचं काम काकूंकडे आलं होतं. डब्याचं झाकण काकांच्या हातून निघत नव्हतं. "हल्ली झाकणंच मेली घट्ट बनवतात," ते म्हणत. शर्टाची बटणं, किल्ली, मेणाची सुरी, सगळंच हल्ली कुणीतरी वाईट बनवत होतं. काकूही मान डोलवत. नवऱ्याच्या हातापेक्षा झाकणाला दोष देणं कुणालाही सोपंच जातं.

एके दिवशी एक म्हाताऱ्या शिक्षिका कवळी हातरुमालात गुंडाळून आल्या. मोठ्या घुश्शात होत्या. "तुम्ही करून दिलीत तेव्हा घट्ट होती. आता बोलताना खाली पडते. आटली बहुतेक."

काकांनी कवळी उजेडात धरून पाहिली. ते नेहमी सांगत तेच, त्याच समजुतीच्या सुरात त्यांनी सांगितलं. "बाई, कवळी होती तेवढीच आहे. हिरडी झिजली."

काकू दारात उभ्या होत्या, बोटांना पुट्टी लागलेली. त्यांची नजर सहज काकांच्या कवळी धरलेल्या हाताकडे गेली. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधलं मांस, जे माणूस मूठ वळतो तेव्हा टेंगळासारखं वर येतं, ते तिथं नव्हतंच. तिथं खळगा होता. काकूंनी दाराची चौकट धरली. इतके दिवस आपण काय भरत होतो, ते त्यांना त्या क्षणी कळलं. आणि काकांना, ज्यांनी उभा जन्म लोकांना हेच सांगितलं, त्यांना ते कळलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुडघ्याचं निमित्त काढून त्यांनी काकांना आपल्यासोबत दवाखान्यात नेलं. तिथं गेल्यावर म्हणाल्या, "आधी यांचा हात बघा."

पुढं मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. मोठे डॉक्टर आवाज खाली आणून बोलले. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत. सुरुवात हातापासून आहे, पण ते हातापाशी थांबणार नाही. औषध आहे, पण बरं करणारं नाही. काकूंनी विचारलं, मालिश? व्यायाम? डॉक्टरांनी मान हलवली, नाही आणि हो यांच्या मधली.

काका आपल्या हाताकडे बघत होते. "म्हणजे," ते म्हणाले, "लाकूड बरोबर होतं." आणि घरी आल्या आल्या लाकूडवाल्याला फोन करून त्यांनी त्याची माफी मागितली.

आता प्रश्न होता परवान्याचा. क्लबाचा नियम असा, की ज्याच्या घरी पिस्तुलं आहेत त्यानं वर्षातून एकदा रेंजवर येऊन, आपलं पिस्तूल आपल्या हातानं चालवून दाखवायचं. गुण जेमतेम मिळाले तरी चालत. पण नाहीच जमलं तर परवाना पुढं सरकत नसे, आणि कपाट रिकामं करून सगळी पिस्तुलं सरकारी कोठारात जमा करावी लागत. तिथून ती कुणाकडे जातील, एकत्र राहतील की विखुरतील, हे सांगता येत नसे.

"हात गेला तर गेला," काका म्हणाले. "डोळे आहेत ना? रविवारी कपाट उघडून बघता तरी येईल. तेवढं राहू दे."

तेवढं राहावं म्हणून काकू पुट्टी चढवत राहिल्या. खळगा खोल होई तसा मुठीवरचा डोंगर वाढे. धरायला ती आता बरी होती, दोन-तीन गोळ्या सरळ जात. पण अडचण दुसरीच निघाली. स्पर्धेत काय, या वर्षाच्या चाचणीत काय, पिस्तूल चालवण्याआधी ते एका पत्र्याच्या पेटीत घालून झाकण लावून बघतात. झाकण लागलं तर पिस्तूल नियमात. मूठ फार जाड असेल तर झाकण उघडं राहतं, आणि पिस्तूल बाद. काकांच्या हाताला हवी तेवढी मूठ पेटीला नको होती.

पेटी धरायचं काम क्लबात काकांच्या धाकट्या भावाकडे होतं. काकूंनी भाऊजींना घरी बोलावून स्वयंपाकघरात गाठलं.

"भाऊजी, आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही."

"खोटं बोलू नका वहिनी, गेल्या आठवड्यात शिडी मागितलीत." मग भाऊजींनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि थट्टा गिळली. "दादाला काही सांगू नका. पेटी माझ्या हातात असते. मी तिकडे वळून झाकण लावतो. माझ्या हातात लागत नाही असं झाकण नाही."

काकूंना हायसं वाटलं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली. त्यांचा प्रार्थनेचा नेम कधी चुकला नव्हता. पण त्या दिवसांत हात जोडल्यावर नेमकं मागायचं काय, तेच त्यांना उमगत नसे. काका पास व्हावेत म्हणावं, तर ज्या हातातून चमचा पडतो त्या हातात भरलेलं पिस्तूल. नापास व्हावेत म्हणावं, तर कुठल्या तोंडानं? मग त्या नुसत्याच बसत. तुला सगळं दिसतंय, एवढंच म्हणत आणि उठत.

चाचणीच्या दिवशी रेंजवर बरीच माणसं होती. भाऊजी टेबलामागे पेटी घेऊन बसले होते. काकांची पाळी आली तसं त्यांनी पिस्तूल उचललं, पाठ वळवली, पत्र्याचा आवाज केला आणि परत ठेवलं. "झालं. जा दादा, तिसरी जागा तुझी."

काका हलले नाहीत. "मला दिसलं नाही."

"मला दिसलं ना. जा."

"इकडं तोंड करून घाल."

"दादा, मागं लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत. कागदाच्या जाडीएवढी मूठ जास्त भरली म्हणून तू मला एकदा घरी पाठवलं होतंस. तेव्हा मी काय म्हणालो होतो?"

"आईला सांगेन म्हणाला होतास," भाऊजी म्हणाले. मागची दोन माणसं हसली. भाऊजी मात्र हसले नाहीत. त्यांनी काकूंकडे बघितलं, काकूंनी जमिनीकडे. मग त्यांनी पिस्तूल पेटीत घातलं. झाकण मुठीवर टेकलं आणि तिथंच राहिलं.

"अहो, चालतं एखादे वेळी," काकू हळूच म्हणाल्या. "कुणाचं नुकसान आहे यात?"

"खऱ्यानंच धरवेना झालंय," काका म्हणाले, "त्यात आणखी खोट्यानं कुठं धरू? कानस दे."

कानस त्यांच्या पिशवीतच होती. पण ती चालवायची कुणी? काकांनी एकदा धरून पाहिली, ती बोटांतून फिरली आणि टेबलावर पडली. तेव्हा काकूच खुर्ची ओढून बसल्या. हातानं कालवून भरलेली पुट्टी हातानंच उतरवू लागल्या. बारीक भुगा त्यांच्या मांडीवर पडत होता. थोडं काढून त्या थांबत, भाऊजी पेटीत घालून बघत, झाकण उघडंच राही.

"कडेनं काढ," काका सांगत होते. "अंगठ्याखालनं अजून."

"तिथंच तर तुम्हाला पुट्टी लागते."

"हो. तिथंच जास्त आहे."

कानशीचा प्रत्येक फेरा आपण याच माणसाच्या हातावर मारतो आहोत असं काकूंना वाटत होतं. पण थांबून तरी काय होणार होतं? शेवटी झाकण लागलं. भाऊजींनी ते दोनदा लावून दाखवलं आणि मान खाली घालून पुढच्याला बोलावलं.

नेमबाजांच्या ओळीपर्यंत जायची परवानगी काकूंना नव्हती. त्या मागच्या काचेशी उभ्या राहिल्या. काकांच्या पिस्तुलात गोळ्या कुणीतरी भरून दिल्या. शिट्टी झाली. डावी-उजवीकडची माणसं गोळ्या झाडू लागली. काकांनी हात वर केला. खांदा वर आला, कोपर वर आलं, मनगट मात्र टोकाशी वाकलं आणि नळी जमिनीकडे झुकली. त्यांनी हात खाली घेतला, श्वास घेतला, पुन्हा वर केला. पुन्हा तेच. घासलेल्या मुठीत त्यांचा तळवा हलत होता, चिमुकल्याच्या पायात बापाचा बूट हलावा तसा.

त्यांनी एकही गोळी सोडली नाही. नेम लागलेला नसताना चाप ओढायचा नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी कुणीतरी शिकवलं होतं. ते फक्त हात वर करत राहिले. काचेआडून काकूंचा उजवा हातही नकळत वर होत होता आणि खाली येत होता.

वेळ संपल्याची शिट्टी झाली. सगळ्यांनी पिस्तुलं ठेवली. काकांचा हात टेबलावर टेकलेला, पिस्तूल मुठीतच. भाऊजी धावत गेले, त्यांच्या बाजूनं हात घालून आधी गोळ्या काढून घेतल्या, नळी रिकामी आहे ते बघितलं. "दादा, ठेव आता."

"ठेवतोय रे. बोटं ऐकत नाहीत."

इतका वेळ ताणून धरल्यामुळे त्यांच्या बोटांना गोळा आला होता. भाऊजींनी सोडवायचा प्रयत्न केला, पण ओढलं तशी बोटं आणखीच आवळली. त्यांनी मागं बघून काकूंना खूण केली. काकू ओळीपाशी गेल्या.

"कुठलं आधी?"

"करंगळी. ओढू नकोस, नुसतं ऊब दे."

काकूंनी ते बोट आपल्या मुठीत धरून ठेवलं. हळूहळू ते सैल झालं. मग त्याच्या शेजारचं. लाकडापासून एकेक बोट सुटत होतं. काका समोर बघत होते.

"लोक बघतायत का गं?"

"नाही हो. सगळे आपापले कागद आणायला गेलेत."

शेवटी अंगठा सुटला. पिस्तूल टेबलावर राहिलं. काकूंनी तो हात पदराखाली घेतला. मध्येच कागदांकडे गेलेले भाऊजी नाक पुसत समोरून येत होते. बाकीच्यांचे कागद भोकं पडलेले, कुणाची मध्यात, कुणाची भलतीकडे. तिसऱ्या जागेवरचा तेवढा तसाच लटकत होता.

"दादा, तुझा काढून आणू?"

"राहू दे," काका म्हणाले. "कोरा आहे. पुढच्याला चालेल."