बंदर क्रमांक

मित्रांनो, मी चांदूर रेल्वेतला एक जुना संगणक. ताहेरभाई गेले, त्याच्या आदल्या दुपारी त्यांच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात माझ्यासमोर भाजीवाल्या बेबीताई बसल्या होत्या. मागे ताहेरभाई हाताची घडी घालून बघत उभे. कोपऱ्यात त्यांची मुलगी गजाला पुस्तक वाचत होती. ती अकोल्याला ग्रंथालयात नोकरी करायची, सुटीला आली होती.

मी सर्व्हर आहे. पलीकडच्या चार संगणकांवर मुलं गावं वसवत, सैन्य उभारत, एकमेकांवर चाल करत. कोणाचं काय, कुठं, हे सगळं मी सांभाळायचो. तो खेळ कोणा एकाच्या मालकीचा नव्हता. त्याची आतली घडण सगळ्यांना खुली होती, ज्याला जमेल त्यानं सुधारावी. पण सुरू करणं भलतं किचकट. काळ्या पडद्यावर इंग्रजी आज्ञा लिहायच्या. एक टिंब चुकलं की मी मुका. मग हाक ठरलेली, "ताहेरभाई, या ना!"

ती हाक त्यांना बंद करायची होती. कापसानं दगा दिलेली वर्षं होती, बाजार सुना असायचा. दुरुस्तीला फारसं काही येत नसे. त्या वेळात त्यांनी मला बटणं दिली, मराठी दिली. "मी नसलो तरी चालू झालं पाहिजे," म्हणायचे. आणि ज्याला काहीच ठाऊक नाही, त्यालाच खुर्चीत बसवून तो कुठं अडतो ते बघायचे.

बेबीताईंनी पडद्यावरचं वाचलं, "बंदर क्रमांक द्या." त्या वळल्या. "काहून भाऊ, माकडाले नंबर कायले पायजे?"

गजाला पुस्तकाआड हसली. "अब्बा, पोर्टचं बंदर केलं तुमी?"

"शब्दकोशात तेच होतं," ताहेरभाई म्हणाले.

"मंग त्या कोशवाल्याले बसवा इथं," बेबीताई उठल्या. "माह्या मेथीले ऊन लागून राहिलं."

ताहेरभाईंनी शब्द बदलला नाही. तो प्रश्नच काढून टाकला. कोणत्या पोर्टनं, म्हणजे कोणत्या दारानं, बाकीच्या संगणकांशी बोलायचं, ते मी स्वतः शोधावं, असं केलं. दुसऱ्या सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. दवाखाना गाठेपर्यंत उशीर झाला होता.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर गजालानं दुकान उघडलं, ते आवरायला. माझ्यावर धूळ होती. बेबीताईंची मुलगी वर्षाली दोन मैत्रिणींना घेऊन आली. "ताई, एक डाव खेळू?"

"मले सुरू करता येत नाही गं."

"मी करतो ना." तिनं बटण दाबलं. मी काही विचारलं नाही. पलीकडे तीन गावं वसली. कोणी कोणाला हाक मारली नाही.

मित्रांनो, यंत्राचं काय, धूळ पुसली तरी भागतं. माणसाचं तेवढ्यानं भागत नाही. त्याला सांगायचं ते तो समोर असताना सांगा.

गजालानं आवरायचं सोडलं. मग चौथ्या संगणकापुढे बसली, स्वतःचं गाव वसवलं आणि मुलींसमोरच म्हणाली, "अब्बा, लय चांगलं काम केलं तुमी."