पंचविसाचं सिलिंडर

भावेशचा पहिला फटका राजसच्या खांद्यावर बसला, दुसरा गुडघ्यावर. लोखंडी पाइप हाडावर पडला की कसला आवाज होतो, ते तळोज्याच्या त्या कारखान्याच्या फाटकात जमलेल्या दीडशे माणसांनी ऐकलं, आणि एकही माईचा लाल मध्ये पडला नाही. कशाला पडेल? सकाळी काशिरामला सांडपाण्याच्या टाकीतून बाहेर काढलं, तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. टाकीवरचा गॅसचा भोंगा वाजलाच नव्हता, कारण शिफ्ट इनचार्ज राजसने तो बंद करून ठेवला होता. काशिराम म्हणजे भावेशचा थोरला भाऊ. अर्धं रोडपाली गाव भावेशच्या पाठीशी उभं होतं.

प्रणित टाइम ऑफिसच्या भिंतीला चिकटला होता. काशिराम त्याचा मेव्हणा, सख्ख्या बहिणीचा, रंभाचा नवरा. पण त्याला रडूही येईना. त्याची पाचावर धारण बसली होती. भोंगा बंद का करावा लागला, हे त्या गर्दीत फक्त त्यालाच ठाऊक होतं.

भोंग्याचा मीटर जुळवायचं काम प्रणितचं. दर महिन्याला एका छोट्या सिलिंडरमधला गॅस मीटरवर सोडायचा. त्यात दहा लाखांत पंचवीस भाग विषारी वायू, बाकी सगळा नायट्रोजन. मीटरने पंचवीस दाखवले नाहीत, तर स्क्रू पिळून पंचविसावर आणायचा. सिलिंडरची मुदत सरून वर्ष झालं होतं. प्रयोगशाळेतल्या चारुतामॅडमनी बजावलंही होतं, "प्रणित, तो वायू आतल्या धातूला चिकटून संपत जातो. लेबलवर पंचवीस असतील, आत दहासुद्धा उरले नसतील."

गडी हसला. "मॅडम, काटा बघा ना, सिलिंडर फुल्ल हाय."

दाबाचा काटा फुल्लच दाखवणार! नायट्रोजन कुठे जातोय? पण चार वर्षं स्क्रू पिळला की माणसाला वाटतं, आपल्याला सगळं कळतं.

मग दहाला पंचवीस म्हणायला शिकलेला तो मीटर जराशा वासालाही बोंब मारायला लागला. एका शिफ्टमध्ये पंधरा-पंधरा वेळा. माणसं टाकीवरून पळायची, परत यायची, शिव्या घालायची. सगळ्यांचे कान किटले. प्रणितने मीटर पुन्हा तपासला, त्याच सिलिंडरने, आणि कागदावर लिहून दिलं की मीटर बरोबर आहे. शेवटी राजसने वैतागून भोंग्याची वायर काढली.

तिसरा फटका मनगटावर पडला. राजस गुरासारखा ओरडला. भावेशने पाइप दोन्ही हातांनी वर उचलला, आणि आता तो डोकंच फोडणार, हे पोरासोरांनाही कळलं.

"भावेश, थांब! माज्यामुळं झालंय!"

प्रणित पुढे आला आणि सगळं भडाभडा बोलून मोकळा झाला. लोकांना निम्मंही समजलं नाही. "सायबाचा कुत्रा!" कुणीतरी ओरडलं, आणि एक दगड येऊन त्याच्या कानावर बसला. मानेवरून रक्त वाहायला लागलं.

"खोटं बोलतोस ना?" भावेश धापा टाकत म्हणाला. "सायबानं पढवलंय ना तुला?"

नुसतं हो म्हटलं असतं, तर प्रणित सुटला असता आणि राजस मेला असता.

तेवढ्यात गर्दी फाटली. रंभा आली. केस सुटलेले, कपाळ पुसलेलं. ती भावासमोर उभी राहिली.

"माज्या डोक्यावर हात ठेव नि सांग."

प्रणितने उजवा हात बहिणीच्या डोक्यावर ठेवला. "खरं हाय, बाय. सायबानं वायर काढली, पण मीटर मीच बिगडवला."

रंभाने भावेशच्या हातातून पाइप काढून घेतला. लोकांना वाटलं, आता फेकून देईल. प्रणितलाही तसंच वाटलं. तिने तो त्याच्या उजव्या हातावर घातला, मग परत त्याच हातावर, हाड मोडेपर्यंत. वॉचमन राजसला ओढत आत नेत होते, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. प्रणितने हात मागे घेतला नाही. रंभा मारत होती आणि "माजा भाऊ, माजा भाऊ" म्हणून हंबरडा फोडत होती.