श्रेयनामावलीत नसलेली

मी भिंगरी बोलतेय. मी मुलगी नाही, खेळणंही नाही. एका खेळाच्या पोटात लपवलेलं नाव आहे. त्या खेळात चित्रं नाहीत, नुसता मजकूर. ‘समोर विहीर आहे. काय कराल?’ असं पडद्यावर उमटतं, खेळणारा उत्तर टाइप करतो आणि गोष्ट पुढे सरकते. सुरुवातीला खेळ तुमच्या पात्राचं नाव विचारतो. कुठलंही द्या, तीन जीव आणि एक मेणबत्ती मिळते. मला दिलंत, तर नऊ जीव आणि कधीही न विझणारा कंदील.

मला लपवणारा एका विमा कचेरीत संगणकाचं काम करायचा. जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला सारून त्याने हा खेळ लिहिला. पण रचला होता तो त्याच्या ताईने. लहानपणी पाय मोडून तो तीन महिने अंथरुणात होता, तेव्हा ती उशाशी बसून विचारायची, "समोर विहीर आहे. काय करशील?" थेट उतरलास तर मेलास, दोर मागितलास तर वाचलास. विहीर, भुयार, मुकी म्हातारी, सगळं तिच्या डोक्यातलं. तिला घरात भिंगरी म्हणत. आई गेली आणि ती हाकही थांबली.

खेळ पुरा झाला तेव्हा श्रेयनामावलीत त्याने एकच नाव लिहिलं, स्वतःचं. मग कुणाच्या दृष्टीस पडू नये अशा एका ओळीत त्याने मला लिहिलं. आभार तर मानायचे होते, पण चारचौघांत नकोत. निदान मला तसं वाटलं, चुकतही असेन.

खेळ लोकांपुढे आला तसा ताईचा फोन आला. "अरे, विहीर तीच आहे की रे! म्हातारीसुद्धा! माझं नाव कुठे घातलंस?"

"आहे गं ताई, आत आहे. शोध म्हणजे सापडेल."

"जन्मभर तुझे मोजे शोधले, आता हेही मीच शोधू?"

ती हसली, तोही हसला. एक शब्द सांगितला असता तर भागलं असतं.

ताई दवाखान्यात केसपेपर काढते. खेळाने नाव विचारलं की केसपेपरवर लिहावं तसं ती आपलं पूर्ण नाव टाकायची. आठवडाभर तिने भुयाराचा दगड न् दगड उलथला. मी एका ओळीच्या अंतरावर होते, पण नावाला हाक मारता येत नाही. शेवटी स्वतःच खणलेल्या विहिरीत पडून तिचा तिसरा जीव गेला. पुन्हा तिने भावाला काही विचारलं नाही.

पुढे कुणीतरी खेळाची आतली फाइल उघडली आणि मला चव्हाट्यावर आणलं. "भिंगरी टाक रे, मरतोस कशाला!" हजारोंनी मला वापरलं. माझ्या जिवावर त्याच मुक्या म्हातारीला लुटलं. एका मुलाखतीत त्याला कुणी विचारलं, "ही भिंगरी कोण हो?"

"कुणी नाही. सुचलं आपलं," तो म्हणाला.

ती मुलाखत ताईने वाचली. रविवारी सकाळी तिने मला टाइप केलं. पडद्यावर त्याने लिहून ठेवलेलं उमटलं: ‘ये. तुझ्याच घरात तुला वाट काय दाखवायची!’ तिने ते दोनदा वाचलं. एक पाऊलही पुढे टाकलं नाही. अभिप्रायाच्या चौकटीत तिने लिहिलं, "तुझा खेळ छान आहे." त्यातला पहिला शब्द तिने तीनदा खोडून पुन्हा लिहिला.

सगळ्यांना जातं तेच छापील उत्तर तिलाही आपोआप गेलं: ‘प्रिय खेळाडू, आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत.’

खेळ फार सोपा होतो अशा तक्रारी येत होत्या. नव्या आवृत्तीतून त्याने मला काढून टाकलं. तिचा अभिप्राय वाचून की न वाचताच, मला कळलं नाही. आता मी जुन्या प्रतींमध्ये तेवढी उरले आहे. तुम्ही मला खुशाल वापरा, नऊ जीव घ्या. पण कुणाचे आभार राहिले असतील तर त्या माणसाला कोडी घालू नका.

आणि तू, मला लिहिणाऱ्या, हे तुझ्यापर्यंत पोचलंच तर एवढंच सांगते: ताई सकाळी आठपासून दवाखान्यात असते. फोन तीच उचलते.