टेकडीवरून दिसलेली पिवळी चादर

मित्रांनो, माझ्या गळ्यात पिशवी अडकवण्याआधी जरा थांबा. मी खुंटी नाही. मी एक जुनी दुर्बीण आहे, आणि या टेकडीच्या कठड्याशी, लोखंडी खांबावर उभी राहून माझं आयुष्य गेलं आहे. समोर खाली अख्खं शहर पसरलेलं असतं. नदी, पूल, घड्याळाचा मनोरा, मुंग्यांसारख्या गाड्या, आणि मग नजर जाईल तिथपर्यंत गच्च्याच गच्च्या.

माझा जन्म त्याच शहरातल्या एका भिंगं घासणाऱ्या कारागिराच्या खोलीत झाला. खोलीला खिडकी एकच, आणि खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत. म्हणजे पाहा, दूरचं दाखवण्यासाठी जन्मलेली मी, आणि डोळे उघडले तर पुढ्यात विटा. कारागीर ओल्या भुकटीनं काच घासायचा, उजेडात धरून बघायचा, नाराजीनं मान हलवायचा आणि पुन्हा घासायला बसायचा.

"आता पुरे करा," त्याची बायको म्हणायची. "काच झिजून कागद होईल."

तो ऐकायचा नाही. शेवटी पितळी नळीत माझी भिंगं बसली, तेव्हा त्यानं मला गच्चीवर नेलं आणि या टेकडीवर रोखलं. बायकोनंही डोळा लावून पाहिलं. "अगबाई, झाडाची पानं दिसतात," एवढंच ती म्हणाली. तिच्या तोंडून तेवढं कौतुक म्हणजे फार झालं.

मी इथं आले तेव्हा टेकडीवर येणारा दोरावरचा पाळणा नवा होता. काय ती धमाल सांगू तुम्हाला. पाळण्यातून उतरलेली मुलं धावतच माझ्याकडे यायची. रांग लागायची, रांगेत भांडणं व्हायची. आणि गंमत अशी, की नदी बघा, पूल बघा, मनोरा बघा असं कितीही सांगितलं तरी प्रत्येकाचा प्रश्न एकच. "आमचं घर कुठंय?" घर सोडून, एवढं वर येऊन, पहिलं बघायचं काय, तर आपलंच घर. एका जोडप्याला आपल्या घराची सताड उघडी राहिलेली खिडकी दिसली आणि बाकीची सहल "तू लावणार होतास", "मी? तूच म्हणालीस लावते" यात गेली.

पण हजारो गच्च्यांतून आपली ओळखायची कशी? मग लोकांनीच एक रीत पाडली. टेकडीवर निघण्याआधी गच्चीवर एक खूण बांधून यायची. कुणी लाल टॉवेल, कुणी फुलाफुलांची छत्री, कुणी बांबूवर उलटी बादली. सुट्टीच्या दिवशी मी डोळा फिरवला, की शहराच्या माथ्यावर जिकडेतिकडे रंग फडफडताना दिसायचे. मला उगीचच वाटायचं, सगळे मलाच हात करताहेत.

मग दिवस पालटले. पलीकडे काचेच्या तळाची गॅलरी झाली. तिच्यावर उभं राहून लोक खाली दरी बघतात आणि एकमेकांना घट्ट धरतात. त्याच्याही पुढे तारेला लटकून एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर सुसाट जायचा खेळ आला. जाणाऱ्यांच्या किंकाळ्या ऐकून मलासुद्धा मजा वाटते, खोटं कशाला बोलू. पण माझ्याकडे येणारे कमी झाले. माझ्या गळ्यात पिशव्या आल्या, नळीवर नावं कोरली गेली. ज्या फिरकीनं चित्र स्पष्ट होतं ती गंजून घट्ट बसली.

एक मावशी मात्र मला विसरल्या नाहीत. टेकडी झाडायचं काम त्यांचं. त्यांचा एक नेम होता, माझी काच पुसल्याशिवाय सकाळचा चहा घ्यायचा नाही.

"कुणी बघत नाही हो तिच्यातून," पाळणा चालवणारा त्यांना चिडवायचा. "तुमचा चहा फुकट गार होतो."

"न का बघेनात," मावशी हळूच म्हणायच्या. "पुसायचं माझ्याकडे आहे. बघायचं ज्याचं त्यानं बघावं."

आणि मग एके दिवशी भिंगरी आली.

तिचं खरं नाव मला कळलंच नाही. आजोबा तिला भिंगरीच म्हणत होते, आणि ते बरोबरच होतं. पाळण्याचं दार पुरतं उघडायच्या आत ती बाहेर. काचेची गॅलरी तिनं मागे टाकली, तारेच्या खेळाकडे ढुंकून पाहिलं नाही, थेट माझ्यापाशी आली आणि माझ्या गळ्यातली कुणाची तरी पिशवी काढून खाली ठेवली.

"मावशी, हिच्यातून आमची गच्ची दिसेल का? आत्ता दिसेल का?"

"अगं, श्वास घे आधी," मावशी म्हणाल्या. "गच्चीवर काय आहे एवढं?"

भिंगरीनं एका दमात सगळं सांगितलं. आईच्या पायाचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून आई खालच्या खोलीत होती, पलंग ते खुर्ची आणि खुर्ची ते पलंग. जिना एकदाही चढली नव्हती. आज सकाळी ती म्हणाली, तुम्ही टेकडीवर जा. मी माझ्या पायांनी गच्चीवर जाते आणि पिवळी चादर बांधते. चादर दिसली, की समज आई चढली.

"मी म्हटलं शेजारच्या काकूंना सोबतीला घे," धापा टाकत आलेले आजोबा म्हणाले. "तर म्हणे, काकूंना सांगायचंसुद्धा नाही. त्या मला उचलूनच नेतील वर. एकटीनंच चढायचंय. लहानपणापासून अशीच आहे माझी पोरगी, हट्टी."

भिंगरीनं डोळा लावला. आणि मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काच लख्ख होती, पण फिरकी हलेना. तिला दिसला नुसता दुधात कालवल्यासारखा रंगांचा काला. आजोबांनी जोर लावला, मावशींनी लावला. मीही आतून लावला, पण माझा जोर कुणाला दिसणार? शेवटी मावशी पाळणेवाल्याकडून तेलाची बुधली घेऊन आल्या. थेंब आत उतरला, कुर्र असा आवाज झाला, आणि फिरकी वळली.

घड्याळाचा मनोरा असा समोर आला, की भिंगरी दचकून मागे सरली.

"डावीकडे," आजोबा म्हणाले. "बेकरीचं धुराडं शोध. त्याच्यामागे निळी टाकी."

"आजोबा, आपली टाकी काळी आहे."

"काळी का? मग काळी शोध."

"झाकणावर वीट आहे. सापडली. आपलीच आहे." तिची पावलं जागच्या जागी नाचायला लागली. मग एकदम थांबली.

दोरी रिकामी होती.

दोरीवर चादर नाही, रुमाल नाही, काही नाही. तिनं डोळा काढला आणि आजोबांना बाही धरून पुढे ओढलं. आजोबांनी वाकून स्वतः पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"दमली असेल गं. उद्या चढेल," ते म्हणाले.

"ती आज म्हणाली होती."

शहरावर ढगाची काळी सावली सरकत येत होती. ती आणखी पुढे आली, की मला काहीच दाखवता येणार नव्हतं. मावशींनी पदरानं माझी काच पुन्हा पुसली आणि भिंगरीच्या पाठीवर हात ठेवला. "अजून एकदा बघ. एकदाच."

तिनं पाहिलं. गच्चीच्या पलीकडच्या टोकाच्या दोऱ्याही रिकाम्या करून आता कुणीतरी पुढे आलं होतं. हनुवटीपर्यंत कपड्यांचा ढीग कवटाळून एक ठेंगणी बाई लगबगीनं जिन्याकडे निघाली होती.

"काकू आहेत. ढग आला ना, कपडे काढतायत. त्या नेहमी सगळ्यांचेच काढतात, आमचेपण…" आणि भिंगरी ओरडलीच, "आजोबा, ढिगात पिवळं आहे! काकू आमची चादर घेऊन चालल्यात!"

"चादर?" आजोबांनी कठडा घट्ट धरला. "म्हणजे ती बांधली होती. मग ती बांधली कुणी?"

त्याचं उत्तर मीच दाखवलं. टाकीच्या मागच्या सावलीतून एक काठी पुढे आली. काठीमागून एक पाऊल. मग दुसरं. चढून दमलेली आई तिथं टेकली होती. ती काहीतरी ओरडली असावी, कारण काकू गर्रकन वळल्या. आईनं काठी टेकडीकडे रोखली. काकूंनी टेकडीकडे पाहिलं, आईच्या पायांकडे पाहिलं, पुन्हा टेकडीकडे पाहिलं, कपाळाला हात लावला, आणि सगळा ढीग धपकन खाली पडला.

मग काय ती धांदल. एक टोक काकूंनी धरलं, एक आईनं. वाऱ्यानं चादर भरली आणि शहराच्या त्या करड्या माथ्यावर पिवळाजर्द चौकोन फुलून आला. आई काठी बगलेत धरून मोकळा हात हलवत होती.

"मी इथं आहे, आई!" भिंगरी दोन्ही हात हलवत होती. मग पुन्हा डोळा लावून खुदकन हसली. "आजोबा, ती पाळण्याच्या खांबाला टाटा करतेय."

"बघू, बघू मला." आजोबांनी डोळा लावला तो काढेचनात.

"आजोबा, माझी पाळी."

"थांब जरा. माझी पोरगी आहे ती."

"माझी आई आहे."

मावशी तोंडाला पदर लावून हसत होत्या. काचेच्या गॅलरीतले लोक काय झालं म्हणून धावत आले होते. कुणी विचारलं, "आमचं घर दिसेल का हो यातून?" आणि किती वर्षांनी, मित्रांनो, माझ्यामागे रांग लागली.

आता फिरकीत महिन्यातून एकदा तेल पडतं. पाळणेवालाच घालतो, आणि मावशींचा चहा गार झाला तर हसत नाही.

तुम्ही टेकडीवर आलात, की गॅलरीत जा, तारेवरून जा, खुशाल किंचाळा. पण चिकट बोटं पुसून एकदा माझ्याकडेही या. माझी फिरकी हळू फिरवा, पिशवी मात्र स्वतःजवळ ठेवा. वर निघण्याआधी घरी राहणाऱ्या माणसाला सांगा, की गच्चीवर ये, मी तुला वरून बघणार आहे. त्याला तुम्ही दिसणार नाही, तरी तो हात करेल.

आणि शेजारच्या काकूंना तेवढं आठवणीनं सांगून या.