शेंदऱ्यांची सोयरीक

शेंदऱ्या मासा जगात फक्त मानोऱ्याजवळच्या एका डोहात आहे, हे मी १९५६च्या हिवाळ्यात सिद्ध केलं. त्यासाठी अकरा नाल्यांत उतरलो, बारा वेळा घसरलो. पुढच्या आषाढात परत आलो, तर तो जगात कुठंच नव्हता. डोह भरलेला, तीन दिवस जाळं टाकलं, मासा एक नाही. याच पंधरवड्यात ते अंडी घालतात. हा हंगाम चुकला की जात संपली. मला बसवेना, जेववेना.

काठावर शेत असलेले जगदेवभाऊ शांतपणे म्हणाले, "खुशाल हायेत. उनाळ्यात डोह आटून राह्यला होता, म्हून आमी विहिरीत नेले."

"कुठल्या?"

"साऱ्याच. नऊ मासे उरले, गावात विहिरी नऊ. मासा असला की पानी साफ राह्यते."

"म्हणजे एकेक?"

"मंग? एकाले दोन देऊन भांडनं लावाची काय?"

नऊ विहिरी, नऊ ब्रह्मचारी. मी गावभर धावत सुटलो. कोणी मासा देईना. एका विहिरीजवळच्या घरी मनकर्णाबाई डाळ निवडत होत्या. "कायले पाह्यजे?"

"जोडी लावायची आहे, मावशी."

"मंग सोयरीक म्हना ना. आमचा नवरदेव. नवरीवाल्यांले पाठवा."

सुटलो असं वाटलं. पण नऊही घरी नवरदेवच निघाला. नवरीकडचा होऊन वाकणार कोण? नर-मादी मलाही ओळखता येत नव्हती. त्यात चार दिवसांवर चातुर्मास. मग लग्न नाही म्हणजे नाही.

शेवटी मी नऊ दाखले लिहिले, 'सदर मासा नर आहे', आणि मत्स्य खात्याचा शिक्का मारला. अट एकच: मांडव नवरीकडं, म्हणजे डोहावर.

तिसऱ्या दिवशी नऊ वराती आल्या. नऊ घागरी, घागरींना मुंडावळ्या, पुढं गावच्या वाजंत्र्याचं, पुंजाजीचं डफडं. मासे सोडले. पाण्यात शेंदरी रेघा चमकल्या आणि गेल्या.

मनकर्णाबाईंनी रिकामी घागर काखेत घेतली. "साहेब, नवरी कोनती?"

"पाहू."

"पाहू? तुमी पाह्यलीच नाही?"

त्यानंतर पंधरा दिवस मी काठावर येरझारा घातल्या. सोळाव्या दिवशी जगदेवभाऊ पाणी न्यायला आले आणि वाकून बघत राहिले. कडेच्या शेवाळात कण्यांएवढं काहीतरी शेकड्यांनी वळवळत होतं.

"नवरीकडचे आले," ते म्हणाले. "पन लय आले साहेब. विहिरी नाही पुरनार."

मी आधी त्यांच्या हातातली घागर काढून घेतली.